नाशिकच्या माणसानं समुद्राचा विचार का करावा?

आमच्या नाशिकमध्ये लष्कर ठिकठिकाणी दिसतं. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, ओझरला लढाऊ विमानं बांधणारा कारखाना आहे. नौदल मात्र दिसत नाही. समुद्र कसारा घाटाच्या पलीकडे, दीडशे किलोमीटरहून अधिक दूर. त्यामुळे ‘सागरी सुरक्षा’ हा विषय निघाला की इथला माणूस तो कोकणातल्या किंवा मुंबईतल्या लोकांचा आहे असं धरून चालतो. त्यातही मुसलमान वाचक दुहेरी लांब असतो. एक तर तो घाटावरचा आणि दुसरं म्हणजे ‘सुरक्षा’ हा शब्द ऐकला की त्याला संरक्षणाऐवजी चौकशी आठवते. या दोन्ही अंतरांबद्दल मला लिहायचं आहे.

सुरुवात द्राक्षांपासून करू. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हौथींनी लाल समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे मालवाहू जहाज पळवलं आणि त्यानंतर त्या मार्गावरच्या जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचे हल्ले सुरू झाले. मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालव्याचा रस्ता सोडला. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जाऊ लागली. नेमका तो निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या द्राक्षांचा निर्यातीचा हंगाम होता. न्हावाशेवाहून निघालेल्या कंटेनरला युरोपात पोहोचायला दहा-पंधरा दिवस जास्त लागू लागले, भाडं दुपटीहून वर गेलं. द्राक्ष हा नाशवंत माल आहे. शीतपेटीत ठेवला तरी त्याचं आयुष्य मोजकंच. येमेनजवळच्या बाब-अल-मंदेब नावाच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत काय चाललं आहे, त्याचा हिशेब त्या वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या बागायतदाराच्या वहीत, पॅकहाऊसमध्ये मणी काढणाऱ्या बायांच्या मजुरीत आणि ट्रकवाल्याच्या फेऱ्यांत उमटला. त्या बायांत आणि ट्रकवाल्यांत आपलेही पुष्कळ लोक आहेत.

भारताच्या परदेशी व्यापारातला, वजनात मोजला तर सुमारे ९५ टक्के माल समुद्रावरून ये-जा करतो. स्वयंपाकाच्या गॅसपासून खतापर्यंत आणि मोबाईलच्या सुट्या भागांपासून खाद्यतेलापर्यंत. समुद्रावरची वाट बंद झाली तर घाटावरचं दुकानही बंद पडतं. म्हणून हा विषय किनाऱ्यापुरता नाही.

त्याच काळात सोमालियाचे चाचेही पुन्हा डोकं वर काढू लागले. भारतीय नौदलाने तेव्हा जे केलं ते आपल्याकडे दोन दिवस टीव्हीवर आलं आणि विसरलं गेलं. जानेवारी २०२४ च्या अखेरीस ‘आयएनएस सुमित्रा’ने इराणी झेंड्याखालची ‘अल नईमी’ ही मासेमारी नौका चाच्यांच्या हातून सोडवली. तिच्यावरचे १९ खलाशी पाकिस्तानी होते. मार्चमध्ये ‘आयएनएस कोलकाता’ आणि मरीन कमांडोंनी ‘रुएन’ हे पळवलेलं जहाज सुमारे ४० तासांच्या मोहिमेनंतर ताब्यात घेतलं. १७ खलाशी सुखरूप सुटले, ३५ चाचे शरण आले आणि त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं गेलं.

पाकिस्तानी खलाशांची सुटका ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. खोल समुद्रात संकटात सापडलेल्या माणसाला आधी वाचवायचं, त्याचा देश आणि धर्म नंतर विचारायचा, हा दर्यावरचा जुना कायदा आहे. नौदलाने तो पाळला. जमिनीवर मात्र आपण रोज त्याच्या उलट वागणारी माणसं पाहतो.

हे सगळं फक्त तोफा आणि जहाजांच्या बळावर होत नाही. कुठलं जहाज कुठे ठेवायचं, कुठल्या सामुद्रधुनीवर नजर ठेवायची, कुठल्या देशाशी माहितीची देवाणघेवाण करायची, याचा विचार कुणीतरी आधी बसून केलेला असतो. २००८ पासून एडनच्या आखातात भारताची युद्धनौका चाचेविरोधी गस्तीवर असते. २०१८ च्या डिसेंबरमध्ये गुरुग्रामला हिंद महासागरातल्या जहाजांची माहिती एकत्र करणारं केंद्र सुरू झालं. त्याच्या आधी, २०१५ साली, नौदलाने आपली सागरी सुरक्षेची रणनीती पुस्तकरूपात सगळ्यांसमोर ठेवली होती. या कामामागे असे अधिकारी असतात ज्यांनी अर्धं आयुष्य डेकवर काढलं आणि उरलेलं वाचनात, नकाशांत आणि लेखनात.

त्याचं एक ठळक उदाहरण गुरप्रीत खुराना यांचं. नौदलात कमांडर असताना ते दिल्लीच्या संरक्षण अभ्यास संस्थेत संशोधन करत होते. २००७ च्या जानेवारीत त्यांचा भारत आणि जपान यांच्या सागरी मार्गांवरचा लेख प्रसिद्ध झाला. हिंद महासागर आणि प्रशांत महासागर यांना एकच सलग सामरिक क्षेत्र मानून त्यांनी ‘इंडो-पॅसिफिक’ हा शब्द त्यात वापरला. पुढे तो शब्द जगभर पसरला. मे २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या पॅसिफिक कमांडचं नाव बदलून ‘इंडो-पॅसिफिक कमांड’ केलं. शोधनिबंध लिहिणारा एक अधिकारी किती लांबवर पोहोचू शकतो, हे यातून कळतं.

मराठी माणसाला जवळचं उदाहरण हवं असेल तर व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचं आहे. १९२७ चा जन्म. मुंबईच्या ‘डफरीन’ या प्रशिक्षण जहाजावर शिकून ते १९४५ मध्ये नौदलात गेले. १९७१ च्या युद्धात ‘आयएनएस कामोर्टा’चे कप्तान म्हणून पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्याची नाकेबंदी करणाऱ्या ताफ्यात होते आणि त्या कामगिरीसाठी त्यांना वीरचक्र मिळालं. पुढे पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख झाले आणि १९८३ मध्ये निवृत्त झाले.

आवटींचं मला अधिक मोलाचं वाटणारं काम मात्र युद्धाच्या बाहेरचं आहे. १९७८ मध्ये त्यांनी मुंबईत ‘मेरिटाइम हिस्ट्री सोसायटी’ सुरू केली. नौदलातल्या अधिकाऱ्याने इतिहासाची संस्था का काढावी? उत्तर सरळ आहे. ज्याला आपल्या किनाऱ्यावर पूर्वी काय घडलं, बंदरं का वाढली आणि का बुडाली, परके कुठल्या वाटेने आले, हे माहीत नाही, त्याची रणनीती दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेली असते. आवटींना हे दिसत होतं. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहायला गेले. समुद्रापासून कितीतरी दूर, पाण्याची टंचाई सोसणाऱ्या माळावर. तिथे बसून त्यांनी एक ध्यास घेतला की भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली पाहिजे. कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून २००९-१० मध्ये ती पुरी केली. मग अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता केली. २०१७-१८ मध्ये नौदलातल्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये आवटी विंचुर्णीतच वारले. समुद्राचा विचार करायला समुद्राकाठी राहावं लागत नाही, हे त्यांच्या आयुष्यावरून कळतं. नाशिककरांनी हे लक्षात ठेवावं.

नाशिकला तर ही परंपरा दोन हजार वर्षांची आहे. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन करताना ती सांगते की त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं होतं. शेजारच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात भडोच आणि सोपारा या बंदरांचे उल्लेख आहेत. वाटेतल्या दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर लोकांसाठी फुकट होड्या ठेवल्याची नोंदही आहे. सातवाहन आणि क्षत्रप नाशिकवर ताबा मिळवण्यासाठी का भांडत होते? कारण किनाऱ्यावरची बंदरं आणि दख्खनचे बाजार जोडणारी वाट इथून जात होती. आज आपण ज्याला पुरवठा साखळी म्हणतो तिचं एक टोक तेव्हाही नाशिकमध्ये होतं.

आता दुसऱ्या अंतराकडे येतो. मुसलमानांचा आणि या विषयाचा संबंध काय? संबंध आपल्या रोजच्या भाषेतच आहे. दर्या, बंदर, नाखवा हे शब्द फारसीतून आले, खलाशी अरबीतून. ‘मान्सून’ हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला आणि इंग्रजी ‘ॲडमिरल’च्या मुळाशी अरबी ‘अमीर’ आहे. आपला ‘आरमार’ हा शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आला. समुद्रावर कोण कोण येऊन गेलं आणि कुणी कुणाकडून काय घेतलं, त्याची ही छोटी वंशावळच आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांनी आरमार उभं केलं तेव्हा त्याच्या सरदारांत मायनाक भंडारी होते तसे दर्यासारंग आणि दौलतखानही होते. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांना ते झोंबलं. बेटावर मायनाक तग धरून होते आणि नागोठण्याच्या खाडीतून दौलतखानाचं आरमार त्यांच्या मदतीला आलं. इंग्रजांच्या बाजूला कोण होतं? जंजिऱ्याचा सिद्दी. म्हणजे खांदेरीच्या लढाईत दोन्हीकडे मुसलमान होते. ज्यांना हा इतिहास हिंदू विरुद्ध मुसलमान असा सांगायचा आहे त्यांनी खांदेरीचा हिशेब कसा लावायचा ते ठरवावं. महाराजांचा हिशेब साधा होता. ज्याला दर्या कळतो आणि जो निष्ठेने लढतो, तो आपला. सागरी रणनीतीचा तो पहिला धडा आजही जुना झालेला नाही.

आपल्या नौदलानेही हा धडा जपला आहे. मुंबईत नौदलाचं एक ठाणं ‘आयएनएस आंग्रे’ आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याच मुंबईत, कुलाब्याला, ‘आयएनएस कुंजाली’ आहे. हे नाव कालिकतच्या झामोरीनच्या आरमाराचं नेतृत्व करणाऱ्या कुंजाली मरक्कार या मुसलमान घराण्याचं. सोळाव्या शतकभर ते पोर्तुगीजांशी लढले आणि चौथ्या कुंजालीला पोर्तुगीजांनी १६०० साली गोव्यात ठार केलं. हे दुसरं नाव आपल्या मुलांना शाळेत भेटत नाही. आपल्या मोहल्ल्यातही कुणी सांगत नाही.

आता कठीण भागाकडे. १९९३ मध्ये रायगडच्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली. त्या कटाचे सूत्रधार मुसलमान होते, हे लपवायचं काही कारण नाही. तसंच त्या खटल्यात लाच घेऊन वाट मोकळी करून देणारे कस्टमचे अधिकारी आणि पोलिसही दोषी ठरले, हेही विसरायचं कारण नाही. किनाऱ्याला भगदाड पाडलं ते गुन्हेगारांनी आणि विकल्या गेलेल्या सरकारी माणसांनी मिळून. २००८ मध्ये कसाब आणि त्याचे नऊ साथीदार ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी बोट ताब्यात घेऊन, तिच्या तांडेलाचा खून करून मुंबईला आले. कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत ते उतरले तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळ्यांनी. आणि मेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफन करायला मुंबईच्या मुसलमानांनी कब्रस्तानात जागा नाकारली.

त्या हल्ल्यानंतर, २००९ मध्ये, किनारी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. किनाऱ्यावर पोलीस ठाणी उभी राहिली, मच्छीमारांना ओळखपत्रं दिली गेली, बोटींची नोंदणी घट्ट झाली. मच्छीमार हे किनाऱ्याचे डोळे आणि कान आहेत, हे वाक्य तेव्हापासून सगळे अधिकारी बोलतात. ते खरंच आहे. महाराष्ट्राच्या सातशेहून अधिक किलोमीटरच्या किनाऱ्यावर, शेकडो खाड्या आणि जेटींवर, प्रत्येक जागी शिपाई उभा करता येणार नाही. अनोळखी बोट ओळखणार तो कोळी, भंडारी, गाबीत आणि दालदी. दालदी म्हणजे रत्नागिरी-रायगडचे मुसलमान मच्छीमार.

आता विचार करा. ज्याला तुम्ही डोळे आणि कान म्हणता, त्याच्याकडेच प्रत्येक तपासणीत नाव वाचून संशयाने पाहिलं, तर तो तुम्हाला काय सांगेल? रात्री खाडीत काही वेगळं दिसलं तरी तो म्हणेल, कशाला भानगडीत पडा, आधी आपलीच चौकशी होईल. अशा वेळी त्याचे डोळे असून नसल्यासारखे. संशयाने अन्याय तर होतोच. पण मी इथे निव्वळ सुरक्षेच्या भाषेत बोलतो आहे. संशयाने माहितीचा झरा आटतो आणि माहिती नसेल तर सगळी रडार आणि गस्ती नौका अर्ध्या आंधळ्या होतात. कुठल्याही गंभीर अभ्यासकाला हे कळतं. टीव्हीवर ओरडणाऱ्यांना कळत नाही, कारण त्यांना किनारा राखायचा नसतो.

मागच्या वर्षी जुन्या नाशिकमधल्या एका वाचनालयात बारावीच्या मुलांशी गप्पा मारताना एकाने विचारलं, “चाचा, नेव्हीत आपल्याला घेतात का?” प्रश्न कुजबुजत विचारला होता, जणू काही चुकीचं विचारतो आहे. मी त्याला विचारलं, “तू फॉर्म भरलास का?” तो म्हणाला, “नाही. अब्बा म्हणतात काही उपयोग नाही.” बाकीची मुलं हसली नाहीत. त्यांच्याही घरी तेच बोललं जात असणार.

त्या मुलाला मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. एनडीएची परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. अर्जात धर्माची अट नाही. २०२२ पासून मुलीही तिथे शिकायला जाऊ लागल्या. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून राज्य सरकारची मुलांसाठी सैनिकी पूर्वप्रशिक्षण संस्था आहे आणि तशीच मुलींसाठीची संस्था आता आपल्या नाशिकमध्येच आहे. वाट अवघड आहे, मुलाखत कसून होते, हजारोंतून थोडे निवडले जातात. सगळ्यांसाठीच. भेदभाव होतच नाही असं मी म्हणणार नाही. या देशात भाड्याचं घर शोधणाऱ्या मुसलमानाला ते सांगणं म्हणजे चेष्टा होईल. पण न भरलेल्या फॉर्मवर कुणी भेदभाव करू शकत नाही. तो नकार आपण स्वतःच स्वतःला दिलेला असतो आणि त्याचा दोष दुसऱ्यावर टाकून आपण मोकळे होतो.

दुसरी वाट याहूनही रिकामी आहे आणि तिला उंची, छाती, डोळ्यांचा नंबर लागत नाही. ती अभ्यासाची वाट. आपल्या विद्यापीठात ‘संरक्षणशास्त्र’ हा विषय आहे, तो मराठीतून शिकता येतो. कोकणी मुसलमानांच्या पिढ्या परदेशी जहाजांवर सरंग आणि खलाशी म्हणून राबल्या. त्यांच्या पेट्यांत जुनी नोकरीची पुस्तकं, पत्रं, फोटो पडून आहेत. आखाती देशांत आपली माणसं राहतात, तिथली भाषा बोलतात, होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळच्या बंदरांत काम करतात. भारताच्या सागरी धोरणाला ज्या प्रदेशाची सगळ्यात जास्त काळजी आहे, त्या प्रदेशाची घरची माहिती असलेला समाज त्या धोरणाच्या चर्चेत जवळपास दिसत नाही. अरबी आणि फारसी शिकलेली मदरशातली मुलं आहेत. त्यांच्यातल्या दहा जणांनी जरी हिंद महासागराच्या इतिहासावर काम केलं तरी मराठीत आज नसलेली ग्रंथसंपदा उभी राहील.

आपल्या संस्थांकडे माझं मागणं छोटं आहे. गुणवंतांच्या सत्काराला दरवर्षी डॉक्टर आणि इंजिनिअर बोलावता, एकदा निवृत्त नौदल अधिकारी बोलावा. एनडीएच्या अर्जाची फी आणि पुस्तकं यांसाठी जकातीच्या नियमांत बसेल तशी, नाहीतर वेगळ्या वर्गणीतून मदत करा. सहल काढायची तर मुलांना पांडवलेण्यांवर न्या आणि तो तीन समुद्रांचा लेख दाखवा. मग मुंबईला नेऊन, जमलं तर, समुद्रातून खांदेरी दाखवा.

आणि सरकारकडे, नौदलाकडे मागणं असं की किनाऱ्यावरच्या दालदी मच्छीमाराला ओळखपत्राबरोबर थोडा विश्वासही द्या. गावच्या बैठकीत त्याला पुढच्या रांगेत बसवा, त्याच्या पोराला भरतीची माहिती त्याच्या जेटीवर जाऊन द्या. यात कुणावर उपकार नाहीत. दौलतखानाला आरमार देताना महाराजांनीही उपकार केले नव्हते. त्यांना खांदेरी राखायची होती.